राखलेली खुर्ची

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधील एका मॉलच्या फूड कोर्टात शनिवारी दुपारी रिकामे टेबल मिळणे ही पात्रतेची नव्हे, केवळ योगायोगाची गोष्ट असते. मितालीला तो योगायोग लाभला. हॉस्पिटलच्या फार्मसीतली सकाळची शिफ्ट संपवून ती आली, कोपऱ्यातल्या टेबलावर तिने टिश्यूचे लहानसे पाकीट ठेवले आणि निश्चिंत मनाने लाक्साच्या, नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्सच्या, रांगेत जाऊन उभी राहिली. याआधी ती काही वर्षे सिंगापूरला होती, आणि तिथला संकेत तिच्या अंगवळणी पडला होता: ज्या टेबलावर टिश्यूचे पाकीट, ते टेबल राखलेले, त्याकडे कोणी फिरकत नाही.

ट्रे घेऊन ती परतली तेव्हा तिच्या खुर्चीत एक तरुण बसला होता, आणि शर्टावर सांडलेली सांबलची लाल चटणी तिच्याच टिश्यूंनी पुसत होता. पाकीट जवळजवळ रिते झाले होते.

"एक्सक्यूज मी, धिस टेबल इज टेकन," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "जय भीम, आई. हो, जेवतेच आहे... म्हणजे, जेवणार होते. नंतर करते फोन."

ती फोन ठेवेपर्यंत तो उठून उभा राहिला होता.

"जय भीम. मी प्रज्ञेश, नागपूरचा. सॉरी हं. हे टिश्यू... मला वाटलं, मॉलवाल्यांनी ठेवलेत."

"मॉलवाले टेबलावर पाकिटं ठेवतात?"

"मग कशाला होतं ते?"

"जागा धरायला."

"म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसं?"

"अगदी तसंच." ती नांदेडची होती, तिला समजावून सांगावे लागले नाही.

"मग रुमाल टाकायचा ना. रुमाल मी ओळखला असता. दुसऱ्याच्या रुमालावर बसायची हिंमत आमच्याकडे कोणी करत नाही."

हसू लपवण्यासाठी तिने लाक्साच्या वाडग्यात पाहिले. "बस आता. पण नवं पाकीट तू आणायचंस."

पुढच्या शनिवारी त्याने ते आणले. मग दर शनिवारी एक नवा स्टॉल, एक प्लेट आणि दोन चमचे, असा रिवाज पडला. वादातून प्रेम वाढत नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे टेबल पाहिलेले नव्हते. रोटी चनाई हा पराठाच आहे की नाही, यावर एक संपूर्ण दुपार गेली. सातेच्या दिवशी प्रज्ञेशने काडीला टोचून भाजलेला कोंबडीचा तुकडा शेंगदाण्याच्या रश्श्यात बुडवला आणि गंभीरपणे मान हलवली.

"यात कूट गोड केलंय. माझ्या आईला दाखवलं तर रडेल ती."

"शेंगदाण्याबद्दलही मतं आहेत त्यांना?"

"सगळ्याबद्दल आहेत. तुझ्याबद्दल विचारत होती."

मितालीची काडी हवेतच थांबली. "काय?"

"हेच... की मुलगी तिखट खाते का."

"मग?"

"म्हटलं, खाण्याचं माहीत नाही. बोलते तिखट."

तिने त्याच्यापुढची प्लेट स्वतःकडे ओढून घेतली. पण बराच वेळ तिची नजर त्या प्लेटवरून वर आली नाही.

फेब्रुवारीत त्याच्या गॅस प्रकल्पाचे कंत्राट संपत आले.

"कॅनबेराला मोठी पोस्ट मिळतेय," तो म्हणाला. "तिथे गुंगालिन भागात मित्राकडे खोलीही आहे. इथे पॉवर स्टेशनवर एक जागा आहे, पण हुद्दा खालचा. पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय."

"कॅनबेरात थंडी फार असते," ती म्हणाली. "चांगलं जॅकेट घे."

"एवढंच?"

"अजून काय म्हणू?"

'थांब' म्हणणे म्हणजे दुसऱ्याने सोडलेल्या गोष्टीची जबाबदारी घेणे, असे तिचे मत होते. कोणी म्हटल्याशिवाय थांबणे म्हणजे स्वतःला दुसऱ्यावर लादणे, असे त्याचे. दोन्ही मते तर्काला धरून होती, आणि म्हणूनच दोघांच्याही उपयोगाची नव्हती.

"शनिवारी येतोस?" तिने विचारले.

"बघू."

त्या शनिवारी पावसाने मॉलचे छप्पर सकाळपासून झोडपले होते आणि अर्धे शहर आसऱ्याला आत आले होते. मितालीने लवकर येऊन कोपऱ्यातले टेबल मिळवले. समोरच्या खुर्चीवर तिने एक पुरुषांचा रुमाल पसरला: पांढरा, निळ्या काठाचा, नवा असूनही धुऊन इस्त्री केलेला.

"एनीवन सिटिंग हिअर, लव्ह?" हातात ट्रे घेतलेल्या एका आजोबांनी विचारले.

"सॉरी, इट्स टेकन."

मग एक कुटुंब आले. त्यांनाही तिने तेच सांगितले. लाक्साचे दोन वाडगे निवत चालले. सरकत्या जिन्यावर कोणीही दिसले की तिची मान आपोआप वर होई, आणि मग तिला आपलाच राग येई.

प्रज्ञेश आला तो ओलाचिंब. निरोपाचे वाक्य त्याने गाडीतच जुळवून ठेवले होते. खुर्चीपाशी येऊन तो थबकला, आणि ते वाक्य त्याला पुन्हा सापडले नाही.

"हा कोणाचा?"

"ज्याला ओळखू येतो त्याचा."

तो बसला नाही. "मिताली, एसटीतसुद्धा विचारलं तर माणूस तोंडाने सांगतो, जागा कुणाची आहे ते."

तिने चमचा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कुतूहलाने इकडे पाहिले. भाषा कळली नसली तरी प्रसंग त्यांना कळला असावा.

"तुझी आहे," मिताली म्हणाली. "कॅनबेराला जाऊ नकोस... इथल्या नोकरीत मन लागलं नाही तर दोष मला दे."

"देईन. रोज देईन."

"चालेल."

त्याने रुमाल उचलला, नीट घडी घालून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. लाक्साचा एक चमचा घेऊन त्याने तोंड वाकडे केले.

"पार निवलाय."

"उशीर कोणी केला? जा, दुसरा आण. रांग मोठी आहे."

"आणि जागा?"

तो उठताच तिने रुमालाची घडी मोडली आणि तो पुन्हा खुर्चीवर पसरला.

रांगेत उभ्या उभ्या प्रज्ञेशने कॅनबेराला नकाराचा मेल लिहिला, एकवार वाचला आणि पाठवून दिला. मग त्याने मागे वळून पाहिले. ट्रे घेतलेली माणसे त्या टेबलापाशी थांबत होती, रुमालाकडे पाहून पुढे जात होती.