डाव्या गालाचा फोटो

तो डावा गाल हातानं दाबून आत आला, म्हणून मी निगेटिव्हवरची नजर जेमतेम उचलून म्हटलं, "दातांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर."

"दात ठीक आहेत," तो म्हणाला. "फोटोचं विचारायचं होतं."

"मग हात काढा. नाहीतर हातासकट येईल."

त्यानं हात काढला नाही. उलट माझ्या टेबलाच्या अशा बाजूला जाऊन उभा राहिला की मला त्याचा उजवाच गाल दिसावा. उजवा गाल छान होता. नाक सरळ, पापण्या मुलीसारख्या लांब... मी पुन्हा निगेटिव्हमध्ये डोकं घातलं, पण रेघ चुकलीच.

इंदौरच्या परदेशीपुऱ्यातला हा कुमुदिनी फोटो स्टुडिओ शरद भियांचा. कुमुदिनी त्यांची आई. फोटो ते काढायचे आणि निगेटिव्हवर पेन्सिल मी चालवायची. तीळ, मुरूम, देवीचे वण, डोळ्यांखालचं काळं – टोकदार पेन्सिलीनं हळूहळू भरत गेलं की छापताना सगळं नाहीसं होतं. लग्नाच्या मुलींचे फोटो असायचे बहुतेक. माझ्या पेन्सिलीनं अर्धा परदेशीपुरा उजवला, असं शरद भिया म्हणायचे. मी मात्र महूहून रोज बसनं यायचे आणि तशीच परत जायचे.

साल त्र्याण्णव. इथली कापड मिल बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. लग्नाचे फोटो कमी झाले होते आणि नोकरीच्या फॉर्मवर चिकटवायचे छोटे फोटो वाढले होते. चाळीस-पन्नाशीची माणसं भांग पाडून स्टुलावर बसायची आणि कॅमेऱ्याकडे बघायची, तेव्हा मला वर बघवायचं नाही.

"कसला फोटो? फॉर्मचा?" मी विचारलं.

"ॲक्टरचा," तो म्हणाला. आणि लाजला.

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण त्यानं खिशातून एक निळी डायरी काढली आणि त्यातलं पान इतक्या गंभीरपणे उघडलं की मला आवरावं लागलं.

"तुमच्याकडे नाटकवाले येतात ना... म्हणून विचारतो. आधी शिकावं लागतं, की आधी काम मिळतं आणि मग शिकतात? मुंबईत ओळखच नसेल तर कोणाच्या दारात उभं राहायचं? आपली इंदौरची मराठी तिकडच्या नाटकात चालेल का? आणि मराठी माणसाची हिंदी सीरियलमध्ये?"

"अजून?"

"बापाला काय सांगायचं?"

"हे सगळे प्रश्न मला? मी तीळ-मुरूम पुसते, भिया."

"कोणाला तरी तर विचारावे लागतील." मग तो हसला, आणि हसताना हात खाली आला. गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंत एक लांब, खोल वण होता. माझी नजर तिथं गेली आणि त्याचा हात परत वर गेला. "शेवटचा प्रश्न. वण दिसला तर चालेल का?"

"हिरोला? व्हिलन व्हायचंय का तुम्हाला?"

मी सहज बोलले. आयुष्यात सहज बोललेलं किती महागात पडतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

"तुमचं नाव?" जाताना त्यानं विचारलं.

"पंचशीला."

"अरे! मग जय भीम," तो म्हणाला. "मी अश्वजित."

त्यानंतर तो रोज यायचा. कधी शर्ट कुठल्या रंगाचा घालू, कधी केस मागे घेऊ का. संध्याकाळी मला टेम्पोच्या स्टॉपपर्यंत सोडायचा, कायम माझ्या डाव्या हाताला चालत. मी त्याला एकदा चिडवलंसुद्धा, "लेफ्ट-राइट मिलिटरीतल्या माझ्या बाबांनी शिकवलं का तुम्हाला?"

वणाची हकीकत त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितली. एकोणिसाव्या वर्षी तो मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागला होता. वडील शंकरराव शेजारच्याच मागावर. एक दिवस मागातला सूत नेणारा टोकदार धोटा सुटून उडाला आणि गालावर बसला. "बाबांनी आपल्या धोतरानं रक्त दाबून धरलं. माग मात्र थांबवायला विसरले," तो म्हणाला. शंकरराव अजूनही रोज सकाळी डबा घेऊन मिलच्या गेटवर जाऊन बसत, दुपारी तिथंच जेवून परत येत. गेट उघडत नव्हतं. घरात त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं.

एका सकाळी आम्ही कोपऱ्यावर पोहे खात होतो. बोलता बोलता तो माझ्या उजवीकडे येऊन बसला. डावा गाल माझ्याकडे. त्याच्या लक्षातही आलं नाही. शेव चावताना तो वण हलत होता, आणि मी बघत राहिले. मला तो आवडतो, हे मला त्या बाकावर कळलं.

"काय बघून राहिलीस?"

"काही नाही... शेव लागलीय."

शेव लागलेली नव्हती. तरी मी बोटानं पुसली.

मग एकदाचा तो कॅमेऱ्यासमोर बसला. शरद भियांनी समोरून, उजवीकडून, डावीकडून असे तीन काढले. रिटच करण्याआधीचे कच्चे छाप, म्हणजे प्रूफं, मी त्याला दाखवली. डाव्या गालाचा फोटो त्यानं क्षणभर पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हा नको. खरंच... असा दिसतो मी?"

मला त्याचा तो चेहरा सहन झाला नाही. तीन दिवस मी त्या निगेटिव्हवर बसले. एवढी बारीक पेन्सिल मी कुठल्या नवरीसाठीही चालवली नव्हती. मिल, धोटा, शंकररावांचं धोतर... सगळं भरून काढलं. छापलेला फोटो त्याच्या हातात दिला, तेव्हा त्यानं तो दिव्याखाली धरला.

"हा मीच ना?"

"तूच. मला असा दिसतोस."

हे खोटं होतं. मला दिसायचा तसा तो पालथ्या प्रूफमध्ये होता, आणि ते प्रूफ मी माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं. माझ्यासाठी.

नोव्हेंबरात मुंबईहून युनिट आलं. बंद मिलवर सीरियल काढायची होती. एका तरुण कामगाराचा रोल इथल्याच मुलाला देणार होते. सात-आठ डायलॉग, आणि पुढच्या भागांसाठी मुंबईला न्यायचं. फोटो मागवले होते, आणि अश्वजितनं माझ्या हातचाच दिला. आठवडाभर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"झालं तर मुंबई," तो म्हणाला. "नाही झालं तर एक तारखेपासून सांवेर रोड. मामांनी पाइपच्या फॅक्टरीत सांगून ठेवलंय. बारा तासांची शिफ्ट... तिथून मग कोणी परत येत नाही, पंचशीला."

"होईल रे."

"झालं तर एक विचारायचंय तुला."

"मग आत्ताच विचार ना."

"नाही. आत्ता विचारलं तर बेकार माणसानं विचारल्यासारखं होईल."

त्यानं माझी ओढणी टेम्पोच्या दारात अडकू नये म्हणून आत सरकवली, आणि टेम्पो सुटला. मी सरवटे बस स्टँडपर्यंत हसत गेले.

पाच दिवसांनी युनिटमधल्या एक बाई फिल्मचा रोल धुवायला द्यायला आल्या. गळ्यात पेन, हातात फायली. बोलता बोलता माझ्या टेबलावर वाकल्या आणि काचेवर बोट ठेवलं.

"ये कौन है?"

"इथलाच आहे. अश्वजित."

"ये चेहरा कहाँ था? हम हफ्तेभर से यही ढूँढ रहे थे!"

"पर इसका फोटो तो आपके पास है..."

त्यांनी फाइल उघडली. माझ्या हातचा, गुळगुळीत, सुंदर फोटो काढून प्रूफशेजारी धरला. "ये? ये वही है? ये तो हमने पहले ही दिन निकाल दिया था. साबुन बेचने वाला लगता है." मग त्यांनी उसासा टाकला. "रोल तो कल दे दिया. भोपाल का लड़का है. मेकअप से गाल पर चोट बनाएँगे."

त्या गेल्या. मी पेन्सिल हातात धरून बसले. मला ओरडून रडायचं होतं, पण समोर एक गृहस्थ फॉर्मचा फोटो काढायला भांग पाडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मिलच्या गेटवर गेले. शूटिंगच्या गर्दीत खरेखुरे कामगार घेतले होते. शंकरराव डबा घेऊन रोजच्याच जागी उभे होते, आणि त्यांच्या मागे अश्वजित. पलीकडे खुर्चीत भोपाळचा तो मुलगा बसला होता. एक माणूस ब्रशनं त्याच्या गालावर वण रंगवत होता. डाव्या.

"माझ्यापेक्षा चांगला जमलाय ना?" अश्वजित मला म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता.

मी सगळं सांगितलं. बाईंचं बोट, काचेखालचं प्रूफ, फाइलमधला फोटो. एक शब्द गाळला नाही. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याचा हात गालावर गेला, पहिल्या दिवसासारखा.

"मतलब... खोटा जगाला दिलास, आणि खरा स्वतःकडे ठेवलास?"

"मला तो आवडायचा, अश्वजित. तो वणवालाच. मला वाटलं, फक्त मलाच आवडेल."

"एकदा सांगायचं तरी."

"तू पालथा ठेवलास..."

"म्हणून तू उलटा करून दाखवायचा होतास ना यार! मला काय समजत होतं?"

कोणीतरी भोंग्यावरून ओरडलं. गर्दी गेटकडे सरकली. तो वळला, आणि जाताना पुन्हा मला उजवाच गाल दाखवून गेला.

एक तारखेला तो सांवेर रोडला लागला. स्टुडिओत आला नाही. टेम्पोच्या स्टॉपवर मी एकटीच उभी राहायचे, आणि सवयीनं डावीकडे जागा सोडायचे. महूला स्थळं येत होती. बाबा विचारायचे, मी नाही म्हणायचे. का, हे सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी तो भाग टीव्हीवर लागला. मी पापणी न लववता पाहिला. सोमवारी दुपारी स्टुडिओचं दार उघडलं. निळा युनिफॉर्म, वाळलेला चेहरा, हातात डबा. तो डबा मी ओळखला. शंकररावांचा.

"बाबांनी गेटवर जायचं सोडलं," तो म्हणाला. "आता मीच नेतो." मग जरा थांबून, "काल शिफ्ट होती. दिसलो का?"

त्याच्या डोळ्यांत इतकी आस होती... हो म्हणणं किती सोपं होतं. एक रेघ फक्त.

"नाही," मी म्हटलं. "तुझे बाबा दिसले. तुझी बाजू आली तेव्हा भोपाळचा मुलगा मध्ये आला. त्याच्यामागे तुझं कोपर दिसलं."

"कोपर."

"उजवं."

तो हसायला लागला. हसता हसता टेबलाला टेकला आणि मग त्याला हसवेना. मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं काढून घेतला नाही.

"माझ्याकडे ती निगेटिव्ह आहे," मी म्हटलं. "पेन्सिल पुसून काढलीय मी. कितीही कॉपी काढून देते, मुंबईला पाठव. तेव्हाच विचार मला, जे विचारायचं ते."

"शिफ्ट आहे गं. आता कोण जातंय." त्यानं निळी डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. "हिच्यातलं आता कोणाला विचारायचं नाही. एकच उरलंय." मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, "शरद भिया, एक फोटो काढा. डावीकडून."

"फिर से मुंबई?" शरद भिया आतून म्हणाले.

"नाही. महूला पाठवायचाय. हिच्या बाबांना."

मी उभी राहिले. मला हवा होता तो माणूस स्टुलावर बसला होता. मुंबईनं नेला असता तर कदाचित परत आला नसता. माझ्या पेन्सिलीनं त्याला इथं ठेवून घेतलं होतं, हे मला या जन्मात विसरता येणार नव्हतं.

दिवा लागला. त्यानं मान वळवली, आणि वण उजेडात आला.

"पंचशीला," तो न हलता म्हणाला, "वण दिसला तर चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. फार उशिरा म्हटलं.