जुना पार्ट

पुसदहून फुलसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. दोन शटर, गाडीखाली उतरायचा एक खड्डा, समोर रस्त्यापलीकडे कडुनिंब. २००६ साली मी ते बंद करायच्या बेतात होतो, आणि हे आज ऐटीत सांगतो, कारण ते अजून चालू आहे.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. गाडीवाले दुरुस्ती पुढे ढकलायचे. ज्यांना परवडायचं ते बायपासवरच्या नव्या सर्व्हिस सेंटरला जायचे. तिथे काचेची खोली, गार हवा आणि कॉम्प्युटरवर छापलेली बिघाडांची यादी. माझ्याकडे आठवड्याला दोन गाड्या. वेल्डिंग मशीन विकून झालं होतं. दिवाळीपर्यंत पाहायचं, नाहीतर नागपूरला कोणाच्या तरी हाताखाली पाने उचलायचे, असं मी अम्मीला सांगून टाकलं होतं. चाळिशीत पुन्हा चेला व्हायचं.

अम्मीचं एकच म्हणणं. "काहाळलेला पार्ट ज्याचा त्याले देत जाय, परवेज. बाकी अल्ला पाहून घेईन."

अब्बांपासूनची ती पद्धत. नवा पार्ट बसवला की जुना धुवायचा, पेपरात गुंडाळायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. म्हणजे त्याच्या मनात शंका राहत नाही.

सप्टेंबरातल्या एका सकाळी शटर उघडलं, तर पार्ट धुवायच्या ट्रेमध्ये, डिझेलात, एक क्लच प्लेट पडलेली. घासून पार गुळगुळीत. आदल्या दिवशी ट्रे रिकामा होता आणि चावी एकच, माझ्या खिशात. मी डिझेलात बोट घातलं. ते कोमट होतं.

अकरा वाजता एक काळीपिवळी जीप दारात येऊन बंद पडली. ड्रायव्हर धावजी म्हणाला, "आतापर्यंत मस्त चालून राह्यलती. तुह्या दारातच काय झालं तिले?"

मी गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेटची जागा रिकामी होती. प्लेटशिवाय जीप फूटभर हलत नाही, आणि हा बाबा बारा माणसं घेऊन आला होता. ट्रेमधली प्लेट जागेवर धरून पाहिली. ओरखड्याला ओरखडा जुळला. नवी बसवली, जुनी पेपरात गुंडाळून धावजीला दिली.

मग हे होतच राहिलं. मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. कुलूप बदललं. ट्रेभोवती राख पसरली. सकाळी राख जशीच्या तशी आणि ट्रेमध्ये वॉटर पंप. दुपारी त्याच पंपाविना एक टेम्पो आला. माझ्या दारापर्यंत सगळ्या गाड्या सुरळीत यायच्या. त्यापुढे एक इंचही नाही.

शेवटी मी डोकं खाजवणं सोडलं आणि धंद्याला लागलो. सकाळी सहाला ट्रे पाहायचा, नांदेडला फोन लावायचा, पहिल्या बसने पार्ट मागवायचा. गाडी दारात थांबेपर्यंत पार्ट आलेला किंवा वाटेत. सेंटरला आठ दिवस लागणारं काम माझ्याकडे संध्याकाळच्या आत व्हायचं. "परवेज नुसतं पाहून रोग सांगते," असं लोक महागावपर्यंत बोलू लागले. वेल्डिंग मशीन आलं, नवंकोरं. मी शीळ घालत काम करू लागलो.

अम्मी ट्रेकडे बघायची नाही. "देऊन राह्यला ना ज्याचा त्याले?" एवढंच विचारायची.

जानेवारीत जिनिंगवाले उत्तमसिंग सेठ आले. त्यांचे कापसाचे चौदा ट्रक. ते कडुनिंबाखाली जीपमध्येच बसून राहिले आणि ड्रायव्हरबरोबर एक ट्रक माझ्याकडे पाठवला. निरोप असा, की याला काय झालंय ते सांग, पटलं तर चौदाही तुझ्याकडे.

त्या सकाळी ट्रे रिकामा होता. आणि ट्रक दारात थांबला नाही. सरळ खड्ड्यावर येऊन उभा राहिला.

चार तास मी तो खालून वरून तपासला. घामाने सदरा अंगाला चिकटला. काहीतरी ठोकून द्यावं, असं दहादा मनात आलं. शेवटी रस्ता ओलांडून जीपपाशी गेलो.

"सेठ, याले काहीच नाही झालं. घेऊन जा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मग पोट धरून हसले. "सेंटरवाल्यायनं सात बिघाड लिहून देल्ले. मी मुद्दाम चांगलीच गाडी पाठवलती. उद्यापासून चौदाही तुह्या."

मी मागच्या शटरआड जाऊन ढसाढसा रडलो. सांगायला लाज वाटत नाही. त्या दिवशी अम्मीने शिरा केला, आणि नागपूरचा विषय आमच्या घरात कायमचा मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये एक सळी होती.

जवळजवळ हातभर लांब, बोटाएवढी जाड, दोन्ही टोकांना आडवी भोकं. पोलाद असं की गंजाचा ठिपका नाही. एका टोकाला बारीक अक्षरांत नंबर. अठरा वर्षांत असा पार्ट मी कोणत्याही गाडीत पाहिला नव्हता. डिझेल कोमट होतं. थोडं लालसर.

कोणाला फोन करणार? सळी धुतली आणि पेपरात गुंडाळली.

नऊ वाजता पलीकडे जीप थांबली. उत्तमसिंग सेठ पेढ्यांचा पुडा घेऊन उतरले.

"परवेज, गंमत पाह्य," ते तिथूनच ओरडून म्हणाले. "अॅक्सिडेंटात मांडीत सळी टाकली तवापासून सात वर्सं लंगडत होतो. आज सकाळपासून दुखणंच गायब. पाह्य कसा चालून राह्यलो."

सळीचं पुडकं माझ्या हातात होतं. मी दारात आलो. हात उंच करून त्यांना तिथेच थांबायची खूण केली.

त्यांना वाटलं, मी सलाम करतोय. त्यांनीही हसून हात वर केला, आणि भराभर पावलं टाकत माझ्या दाराकडे आले.