टेकाडामागचं घर

पर्यटकांना घेऊन मी हल्ली टेकाडामागच्या त्या पायवाटेने जात नाही. बसचा चालक विचारतो, जवळचा रस्ता सोडून रोज वळसा कशाला? मी म्हणते, गवत ओलं असतं, म्हातारी माणसं घसरतात. तेही खोटं नाही. पण तुम्ही बसलाच आहात आणि केटलीत अजून जवाचा चहा आहे, तर सांगते. जेवढं डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच.

कोरियाच्या या जुन्या राजधानीत, ग्योंगजूत, गाईडचं काम मी बरीच वर्षं करते. जन्मही इथलाच. आमच्या गावात जुन्या राजांची थडगी भर वस्तीत आहेत. थडगी म्हणजे गवताने झाकलेली गोल टेकाडंच. शाळेत जाता-येता आम्ही त्यांच्यावरून घसरगुंडी खेळायचो आणि राखणदार शिट्टी फुंकत मागे धावायचा. त्यांची भीती अशी मला कधी वाटली नव्हती.

नोव्हेंबरात उल्जिनहून एक मंडळ आलं होतं. समुद्रकाठची, खेकडे पकडणारी, मोठ्याने बोलणारी माणसं. सकाळी डोंगरावरचं बुल्गुक्सा देऊळ झालं आणि नंतर आम्ही थडग्यांच्या बागेत उतरलो.

"मेल्यावरसुद्धा एवढी जागा?" एक आजोबा टेकाडाकडे मान वर करून म्हणाले. "आमच्या पोराला सोलमध्ये जिवंतपणी एक खोली मिळेना."

"तुमची जागा मी ठरवून ठेवलीये," त्यांची बायको म्हणाली. "खेकड्यांच्या टोपल्यांमागे. बडबडत बसा त्यांच्याशी."

सगळे हसले. दगिम आजी तेवढ्या हसल्या नाहीत. बुटक्याशा, जांभळं गुबगुबीत जाकीट घातलेल्या. त्यांची सून मिरान त्यांचा दंड धरून चालत होती.

जेवायला पानात गुंडाळून खायचा भात होता. मिरान माझ्या शेजारी बसली.

"यनोकताई, आईंचं माहेर इथलंच बरं का. लग्न होऊन उल्जिनला आल्या त्या आल्याच. परत कधी इकडे पाऊल टाकलं नाही. यंदा मात्र आपणहून म्हणाल्या, मला ने."

"कुठल्या भागात होतं घर, आजी?" मी विचारलं.

"राजाला पाठ लावून," त्या म्हणाल्या. "टेकाडालाच टेकलेलं. थंडीत ती भिंत उबदार लागायची."

मला कळलं. पूर्वी थडग्यांना खेटून घरं होती. मग सरकारने बाग करायचं ठरवलं, घरं पाडली, लोकांना दुसरीकडे जागा दिली.

"आई गेली नाही," आजींनी पानात भात घेतला. "म्हणाली, मुलगी आली आणि घर दिसलं नाही तर तिने जायचं कुठे? त्याच थंडीत वारली. मला उल्जिनला कळलं, तोवर घरही राहिलं नव्हतं." मग त्यांनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावून खाल्ला.

जेवण होईतो धुकं उतरलं. आमच्याकडे असं धुकं पहाटे असतं, दुपारी क्वचितच. टेकाडांचे माथे दिसेनासे झाले आणि पायथ्याची पिवळी झालेली हिरवळ तेवढी उरली. बाकीची मंडळी लाल चवळीचं गोड सारण भरलेले पाव घ्यायला दुकानात शिरली. मिरानने आजींना फाटकाजवळच्या बाकावर बसवलं आणि मला म्हणाली, "जरा बघाल ना? मी आलेच."

मी त्यांच्या शेजारी बसले. तेव्हा तो आवाज आला.

टक्... टक्... टक्...

तुमच्या वयाच्या माणसांनी तो ऐकला नसेल. पूर्वी आमच्या बायका कपड्यांना खळ लावून, गुळगुळीत दगडावर ठेवून लाकडी दांडक्यांनी बडवायच्या. इस्त्रीच ती. दोघींनी समोरासमोर बसून बडवलं की ठेका भरून येतो. एकटीचा विरळ पडतो.

"बागवाल्यांनी रेकॉर्ड लावली असेल," मी म्हणाले.

"एकटीच बसलीये," आजी हळूच म्हणाल्या.

चालकाचा फोन आला. बस कुठे लावू, एवढंच विचारायचं होतं. मी उठून रस्त्याकडे पाहिलं, त्याला सांगितलं आणि वळले. बाक रिकामा होता.

धुक्यात हाका मारून उपयोग नव्हता. मी आवाजाच्या मागे गेले. बागेच्या अगदी कडेला एक टेकाड आहे, त्याला नावाची पाटी नाही. त्याला वळसा घालताना सोयाबीन शिजल्याचा वास आला. पाठोपाठ पाइनच्या ओल्या फांद्यांचा धूर. आणि ठेका बदलला.

टकटक् टकटक् टकटक्...

आता त्या दोघी होत्या.

टेकाडाच्या पोटाला टेकून एक बुटकं घर उभं होतं. मातीच्या भिंती, पेंढ्याचं छप्पर. मी ती बाग रोज पाहते. तिथे गवत आहे, दुसरं काही नाही. पण त्या वेळी मी काय विचार केला, माहितीये? नवीन देखावा उभारलाय आणि आम्हा गाईडांना कोणी कळवलं नाही. माणसाचं मन असं काहीतरी शोधून काढतं.

दाराच्या कागदामागे पिवळा उजेड होता. उजेडात दोन वाकलेल्या सावल्या होत्या. दोन्ही सारख्याच. पायरीवर आजींचे बूट नीट जोडून ठेवले होते आणि शेजारी पांढऱ्या रबरी चपला.

"आजी..." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. "आजी, चला. बस निघायची आहे..."

बडवणं थांबलं.

"कोण आलंय?" आतून एकीने विचारलं.

"मला न्यायला आलेत," दुसरी म्हणाली. आवाज इतके सारखे, की एकच बाई स्वतःशी बोलत असावी.

चुलीत लाकूड तडकलं.

"आलेत, तर कोणीतरी जायलाच हवं..." पहिली म्हणाली.

दार सरकलं. जांभळं जाकीट घातलेली म्हातारी खाली मान घालून बाहेर आली. तिने रबरी चपलांत पाय घातला.

"आजी, तुमचे हे..." मी बूट पुढे केले.

तिने ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. बुटाला नुसती चिकटणारी पट्टी होती, लहान मूलही लावतं. तिला जमेना. शेवटी मीच गुडघ्यावर बसून लावली. मोजे कोरडे होते, आतला पाय बर्फासारखा. मी मान वर केली नाही. का केली नाही, ते मला विचारू नका. उठले, तिचा दंड धरला आणि चालू लागले. मागे पुन्हा आवाज सुरू झाला होता.

टक्... टक्... टक्...

एकटीचा.

फाटकाशी मिरान पावाचं खोकं घेऊन घाबरीघुबरी उभी होती. "आई! कुठे गेला होतात?" म्हातारीने तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग तिच्या गालावरून हात फिरवला. मिरानला रडूच आलं. लग्न झाल्यापासून असा हात फिरवला नव्हता, असं मला नंतर म्हणाली. बसमध्ये म्हातारी ताठ बसून होती. रस्त्यावरचे दिवे लागले तशी खिडकीच्या काचेला नाक लावून प्रत्येक दिवा बघत राहिली. मी सगळ्यांना हात हलवून निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या टेकाडामागे गेले. नुसतं गवत होतं, दहिवराने भिजलेलं.

हिवाळा सरता सरता मिरानचा फोन आला.

"आईंची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"छान आहे, ताई. उलट पूर्वीपेक्षा जास्त काम करतात. हातातलं काढून घेतात माझ्या. फक्त एक विचारायचं होतं... त्या दिवशी त्या पडल्या वगैरे नव्हत्या ना? डोक्याला मार?"

"नाही. का गं?"

"मला हाक मारताना चुकतात. कितीदा सांगितलं, तरी तेच. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं असं. पण बाकी तर काहीच विसरत नाहीत..."

तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला. खणखणीत, ग्योंगजूच्या जुन्या हेलातला.

"नातसूनबाई, कोणाशी बोलतेस गं?"

"ऐकलंत ना?" मिरान म्हणाली.