जनकाबाईची झोप

"ही आमच्या घरची जुनी बाई... कामाले ठेवलेली," असं दयारामने आपल्या सासऱ्याला सांगितलं, तेव्हा मलकापूरच्या त्या लग्नमांडवात जनकाबाई त्याच्या मागेच उभी होती. लहानपणापासून तो तिला 'बाई'च म्हणे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. पण त्या दिवशी त्या एका शब्दातली सारी माया त्याने काढून घेतली... सासरे रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि जनकाबाईचे हात दवाखान्यातली रक्ताळलेली कापडं सोड्यात धुऊन धुऊन भेगाळलेले. सासरच्यांना त्याने बहिणीविषयी कधी सांगितलंच नव्हतं. तिला लग्नाची तारीख मात्र कळवली होती, आणि ती आली होती. जेवणाच्या पंगती बसण्याआधीच तिने आपल्या गावाची, पिंपळगाव राजाची एस.टी. धरली. महाराष्ट्र राज्य झालं, त्या वर्षीची ही गोष्ट.

आई गेली तेव्हा दयाराम चार वर्षांचा होता आणि जनका सोळा वर्षांची. वर्षाच्या आत वडीलही प्रभूघरी गेले. खामगावच्या गुलाबरावांनी तिला मागणी घातली होती. माणूस चांगला होता, तिच्याही मनात भरला होता. पण पोरगं बरोबर नको, असं त्यांच्या घरून आलं आणि जनकाने नकार कळवला. पुढे मिशनच्या दवाखान्यात धुणं धुऊन तिने भावाला मास्तर केलं.

त्या लग्नानंतर तिची झोप हरवली. अंथरुणाला पाठ टेकली की डोळ्यांवर धुकं उतरे... त्या धुक्यात, ज्वारीच्या उभ्या रानातून, चार वर्षांचा दयाराम धावत येताना दिसे. ती हात पसरी, आणि नेमका त्याच क्षणी तो मोठा होऊन अनोळखी डोळ्यांनी तिच्याकडे बघे. मग उजाडेपर्यंत ती बसून राही. नुसतं बसण्यापेक्षा कोणाच्या उपयोगी पडावं म्हणून ती आजाऱ्यांच्या उशाशी जाऊ लागली, कोणत्याही आळीत, कोणाच्याही घरी. गावाला वाटू लागलं, ही बाई देवासाठी जागते.

वडिलांनी घराला एक वळण लावून दिलं होतं. कोणाविषयी मनात अढी आली असेल, तर ती प्रार्थनेत सोडायची आणि मगच अंथरुणावर जायचं. जनकाबाई रोज गुडघे टेकून म्हणे की प्रभू, दयारामाला मी क्षमा केली. ओठ म्हणत. हृदय मात्र मुकं राही...

अशी आठ वर्षं सरली. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या रविवारी लहानशा प्रार्थनामंदिरात वेदीपुढे ज्वारीची कणसं आणि कापसाची ओंजळ मांडली होती. पाळकसाहेबांनी भर उपासनेत जनकाबाईचा गौरव केला. आपली झोप प्रभूच्या चरणी वाहणारी भगिनी, असं म्हणून त्यांनी तिला साक्ष द्यायला, आपला अनुभव सगळ्यांना सांगायला, उभं केलं. सगळ्यांचे डोळे कौतुकाने तिच्याकडे वळले. त्या कौतुकाखाली तिचा जीव गुदमरला.

"पाळकसाहेब, मी देवासाठी नाई जागत," ती हळूच म्हणाली. "मले माह्या भावाचा राग हाये. त्या रागानं मले झोप येत नाई. आठ वर्सं मी प्रार्थनेत लबाड बोलून राह्यली."

ती खाली बसली, तेव्हा छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला वाटत होतं. उपासना संपल्यावर ती घरी गेलीच नाही. तशीच, दयाराम मास्तर होता त्या मलकापूरच्या गाडीत बसली.

वाटेत किती बोलणी तिने मनाशी जुळवली! कोणासाठी मी संसार सोडला, असं विचारायचं... पण दयारामच्या दारात उभी राहिली, आणि खाटेवर वह्या तपासत बसलेल्या भावाच्या कानशिलावरचे पांढरे केस दिसले, तशी ती सारी बोलणी विरून गेली. तो उठून उभा राहिला.

"दयाराम," ती म्हणाली, "म्या तुले तोंडानं माफ केलं होतं, मनानं नाई. आज मनानं करून राह्यली. इतके दिवस तुह्यावर राग धरला, त्याची तू मले माफी दे."

"तुले कशाची माफी, बाई?" तो म्हणाला. "तुह्याच पोटाशी निजून मोठा झालो, अन् तुलेच परकी केलं. कितीक डाव तुह्याकडं याले स्टँडवर गेलो... गाडी लागली का पाय उचलेना."

त्याची बायको सिंधू पाण्याचा पेला घेऊन दारात थबकली होती. त्याने तिच्याकडे वळून, लहान मुलाने अपराध कबूल करावा तसं सांगितलं, "सिंधू, हे माही सख्खी बहीण हाये. हिनंच मले वाढवलं. म्या तुह्या बाबांले खोटं सांगतलं होतं." पेल्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडलं. पुढे येऊन तिने जनकाबाईचे ते भेगाळलेले हात आपल्या हातांत घेतले आणि डोळे पुसत जेवायला चला म्हणाली.

"पहिले जराशी पाठ टेकू दे, पोरी," जनकाबाई म्हणाली.

वह्या सरकवून दयारामने खाट मोकळी केली. खिडकीच्या फटीतून दुपारचं पिवळं ऊन आत सांडत होतं, लांबून मालगाडीची संथ, न संपणारी खडखड येत होती... त्या आवाजाच्या लाटांवर ती कधी तरंगू लागली, कधी खोल खोल उतरत गेली, तिला कळलंच नाही. दिवस मावळला, दिवा लागला, विझला. ती कुशीवर वळलीसुद्धा नाही.

डोळे उघडले तेव्हा लख्ख उजाडलं होतं. खाटेलगत खाली, उघड्या फरशीवर, कालच्याच सदऱ्यात दयाराम पाय पसरून निजला होता. शाळेची वेळ टळून जाईल म्हणून तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं, तोच सिंधूने लगबगीने येऊन तिला खुणेने थांबवलं.

"नका उठवू, बाई," ती कुजबुजली. "लग्न झालं तवापासून यायले असं झोपलेलं म्या पाह्यलं नाई. रोज रातभर अंगणात येरझारा घालत राह्यतात."

जनकाबाई पुन्हा आडवी झाली. गालाखाली हात घेऊन ती भावाचा श्वास ऐकत राहिली... आणि ऐकता ऐकता तिचेही डोळे मिटले.