प्रतिवादी क्रमांक पाच

"आरोपींनी कुठे उभं राहायचं असतं?"

पनवेलच्या कोर्टाच्या जिन्यात मनस्वीने ज्याला हे विचारलं, त्याच्या हातात फायलींची चळत होती, गळ्याला पांढरा बँड होता आणि हसू काही आवरत नव्हतं.

"आरोप काय आहे?"

"तेच तर माहीत नाही..."

नवीन पनवेलच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी ही मुलगी चांगली धीट होती. पण घरी समन्स आलं तशी तिची गाळण उडाली. तिने दोन दिवसांची रजा टाकली, वर कानातलंसुद्धा काढून ठेवलं. आत टाकताना ते काढून घेतात, असं लॅबमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. दीपेशने त्या रिकाम्या कानांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. दीपेश कोळी, उरणजवळच्या करंज्याचा, वकिली सुरू करून दोन वर्षं झालेला.

"समन्स दिवाणी आहे. तुम्ही प्रतिवादी क्रमांक पाच आहात, आरोपी नाही," तिच्या हातातले कागद घेऊन वरचं पान बघत तो म्हणाला. "आरोपी फौजदारीत. तो बघा, तोंडाला रुमाल लावून बसलाय तो. त्याच्या मागे जो डोळे वटारून बसलाय, तो फिर्यादी."

"आणि ते नवरा-बायको?"

"तिने पोटगीचा अर्ज केलाय, म्हणून ती अर्जदार. तो जाबदेणार. दोघं एकाच रिक्षातून आलेत."

मनस्वीला हसू फुटलं. मग हरलेल्याला काय म्हणतात, असं तिने विचारलं. हरलेला वरच्या कोर्टात गेला की अपीलकर्ता, आणि जिंकलेल्याला उत्तरवादी म्हणून त्याच्या मागोमाग जावं लागतं, असं दीपेशने सांगितलं. ऊन चढलं होतं, जिन्यात वारा नव्हता, आणि दोघांपैकी कुणालाच कुठे जायची घाई दिसत नव्हती.

मग त्याने समन्सचं पान उलटून खालचा दावा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तो दावा त्यानेच टाइप केला होता.

"सॉरी. मी वादीच्या वकिलांकडे ज्युनिअर आहे. या दाव्याबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही. तुम्ही तुमचा वकील करा."

वादी म्हणजे गुणाबाई. मनस्वीची आत्या. आई गेल्यावर हिची वेणी घालणारी, हिला शाळेत सोडणारी. शिरढोणच्या बाजूला त्यांची शेती होती. बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करायची आणि जमीन भावांना सोडून द्यायची, ही त्यांच्याकडची रीतच. आत्याने मात्र सही केली नाही, वाटपाचा दावा लावला. मनस्वीचे वडील हयात नव्हते, त्यांचा हिस्सा हिच्याकडे आला होता. महादेवकाका समन्स घेऊन आला आणि म्हणाला, बघ, तुझ्या आत्याने तुलाबी कोर्टात खेचली. तेव्हापासून वीस दिवस मनस्वीने आत्याचा फोन उचलला नव्हता. उद्या ती काकाबरोबर हक्कसोडीवर सही करायला जाणार होती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दीपेशने इथे फाईल मिटून निघून जायला हवं होतं. तो एक पायरी उतरला... आणि परत वर आला.

"कायदा कुणालाही सांगता येतो," तो जरा चाचरतच म्हणाला. "वाटपाच्या दाव्यात जो कोर्टात जातो तो वादी. बाकी सगळे हिस्सेदार प्रतिवादी, मग भांडण असो की नसो. एक जरी सुटला तरी दावा अडतो. आणि प्रतिवादीलाही स्वतःचा हिस्सा मागता येतो."

"म्हणजे तिने माझ्यावर केस केली नाही?"

"मी कायदा सांगितला," तो म्हणाला, आणि खरोखरच निघून गेला.

त्या संध्याकाळी मनस्वीने आत्याला फोन लावला. आत्या रागावली नाही, हेच तिला जास्त लागलं. "सगल्यांची नावा टाकायला लागतात, वकील बोलला. मना वाटला तुला ठाव हाय," एवढंच आत्या म्हणाली, आणि मग जेवलीस का विचारलं. सही करायला मनस्वी गेली नाही.

पुढची तारीख महिन्याने होती. महिनाभर ती आत्याशी रोज बोलली आणि त्या वकिलाचा विचारही रोज केला. दुसरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. तारखेला तिच्या वकीलबाईंनी कैफियत, म्हणजे तिचं लेखी उत्तर, दिली: वादीचा दावा बरोबर आहे, मलाही माझा हिस्सा हवा. काका तिच्याकडे न बघता निघून गेला. तिला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही.

बाहेर आत्या बाकावर बसली होती. तिच्याशेजारी दीपेश उभा होता, हात रिकामे.

"फायली कुठे आहेत?" मनस्वीने विचारलं.

"या दाव्यातलं वकीलपत्र सोडलं. सरांना सगळं खरं सांगितलं."

"सगळं म्हणजे?"

"जिन्यातलं. आणि... दुसऱ्या बाजूच्या माणसाची मी तारखेपेक्षा जास्त वाट बघतोय, तेही."

हा दावा सर त्यालाच चालवायला देणार होते, त्याचा पहिलाच, असं आत्याने मध्येच सांगून टाकलं. दीपेश खाली बघू लागला. कुणी आपल्यासाठी असं काही सोडलेलं मनस्वीने आजवर पाहिलं नव्हतं. तिच्या घरात सोडायचं ते बायकांनीच.

"मीपण वाट बघत होते," ती म्हणाली. "रोज."

आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालू लागली. थोडं पुढे जाऊन ती वळली.

"बोला सावकाश. रिक्षावाल्याला मी धरून ठेवतंय."