लेन्समधली बुरशी

दुकानाच्या पायरीला ठेच लागून तो थेट काउंटरवर येऊन आदळला. छातीशी धरलेला जुना कॅमेरा मात्र त्याने पडू दिला नाही.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"छे, काही झालेलं नाही," तो कॅमेरा उलटसुलट करत म्हणाला.

"मी तुमच्याबद्दल विचारतेय!"

तो हसला... आणि माझ्या हातातला बारीक स्क्रू जो कुठे घरंगळला, तो आजतागायत सापडलेला नाही.

मामाच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात मग तो काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. कधी पट्टा सैल, कधी बॅटरीचं झाकण. अहोचं अरे कधी झालं, कळलंही नाही. एकदा मी खिडकीपाशी काम करत असताना त्याने माझा फोटो काढला आणि छापून आणला. माझ्याभोवती मऊ उजेड पसरला होता. बसकं नाक, हनुवटीवरचा व्रण... सगळं त्या उजेडात विरघळून गेलेलं.

"ही मी?"

"मला तू अशीच दिसतेस."

तो फोटो मी आरशाच्या चौकटीत खोचला आणि आरशात बघायचंच सोडून दिलं.

मामा नाक मुरडायचा. "अगं, त्याची काच बघ, काच! फोटो काच काढते."

"काचेला काय कळतंय? बघते ती माणसाची नजर," मी तोऱ्यात सांगायचे. मला ते खरं असायला हवंच होतं.

त्याचं प्रदर्शन जवळ आलं आणि ऐन वेळी फोकसची रिंग अडकली. "तुझ्या भरवशावर सोडून जातोय हं," म्हणत त्याने लेन्स माझ्या हातात दिली. उघडून बघते तर आतल्या काचेवर बुरशीचं पांढुरकं जाळं! माझा जीव कळवळला. असल्या काचेतून हा इतकं सुंदर बघतो, मग स्वच्छ काचेतून काय करेल? दुपारभर श्वास रोखून मी ती काच पुसली. इतक्या मायेने मी स्वतःचंही कधी काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पुन्हा खिडकीपाशी बसवलं. फोटो काढला. मग कॅमेऱ्याच्या पडद्याकडे नुसता बघत राहिला.

"काय केलंस तू हे?"

"बुरशी काढली! प्रदर्शनाची भेट."

"तुला कुणी सांगितलं होतं?" त्याचा आवाज चढला. "माझे सगळे फोटो त्या धुक्यावर होते! लोकांना तेच आवडायचं!"

मी डोकावले. नाक होतं. व्रण होता. मी होते.

"चांगला तर आलाय," मी म्हणाले. "मी अशीच दिसते."

"हो, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला मी थांबले. ज्या नजरेसाठी मी मामाशी भांडत आले, ती पडद्यावरून माझ्या चेहऱ्यावर आली, व्रणापाशी अडखळली आणि खाली गेली. मामाचं खरं निघालं, याचा मला संताप आला.

मी लेन्सला टोपण लावलं, डबीत ठेवली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते तेच सांगितलं. "कोरड्या जागी ठेवा. दमट जागेत पुन्हा बुरशी धरेल."

'ठेवा' म्हटलेलं त्याच्या लक्षातही आलं नाही. दारापर्यंत जाऊन तो थबकला, वळला... वेडी मी, माझ्या जिवात जीव आला.

"दमट जागेत," त्याने विचारलं, "साधारण किती दिवस लागतात?"