पोकलेनमध्ये आज कोण आहे?

मल्लीपुढे रोज सकाळी एकच कोडं असायचं. कुंपणापलीकडच्या त्या पोकलेनमध्ये आज बाबा आहेत की नाहीत?

तुम्ही म्हणाल, यात कोडं कसलं? केबिनमध्ये डोकावलं की झालं. पण या पोकलेनला केबिनच नव्हती. तिच्या जागी एक बुटका खांब होता आणि खांबावर लिडार (प्रकाशाचे बारीक झोत सोडून भोवतालची अंतरं मोजणारा डोळा) गरगर फिरत असायचा. मल्लीचे बाबा, सिद्राम मुद्दे, पुण्यातल्या एका थंडगार खोलीत पडद्यांसमोर बसायचे आणि तिथून हे यंत्र चालवायचे. याला दूरचालन (लांब बसून यंत्र हाकणं) म्हणतात. यंत्र खोदत होतं अक्कलकोटच्या पुढे, साठवण तलावाच्या कामावर, मल्लीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे बाबांचे हात घराशी आणि बाबा पुण्यात. असा सौदा कुणाच्या फायद्याचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पूर्वी अशा कामांवर पत्र्याच्या खोल्यांची वस्तीच वसायची. ऑपरेटर, त्यांचे हेल्पर, बायकापोरं, कोंबड्या आणि भांडणं. आता खोल्यांची ओळ तशीच होती, पण कुलपं लावलेली. राहत होत्या फक्त मल्ली आणि तिची आई. आई यंत्रांच्या चार्जिंग शेडची राखण करायची. मल्ली शाळेतून आली की लंगडी खेळायची. लंगडी एकटीनं घालता येते हो, पण बाद कुणाला करायचं?

म्हणून ती कुंपणाशी बसून पोकलेन बघायची. कधी बाबा यंत्र चालवायचे, कधी ते आपलं आपणच चालायचं; पण सुरुवातीला कोडं सोपं होतं. बाबांची एक सवय होती. काळी माती बकेटला चिकटते, म्हणून ओतल्यावर ते बकेट दोनदा झटकायचे. बकेट झटकली की मल्ली समजायची, बाबा आले.

आणि मग एक दिवस यंत्र आपलं आपणच झटकायला शिकलं. बाबा रजेवर होते, तापानं फणफणले होते, तरी इकडे बकेट दोनदा हलत होती. मल्लीला शेजारच्यानं आपली चप्पल घालून फिरावं तसं वाटलं.

आता ओळखायचं कसं? उत्तर अचानक मिळालं. वाऱ्यानं शेजारच्या शेतातलं बुजगावणं उडून यंत्राच्या वाटेत पडलं. पोकलेन थांबलं. खांबावरचा दिवा पिवळा झाला आणि भोंग्यातून आवाज आला, "समोर माणूस असू शकतो. ऑपरेटरला बोलावत आहे." दोन क्षणांनी दुसरा आवाज आला. तो घोगरा, ओळखीचा होता.

"कोण आहे तिथं? बाजूला व्हा."

"बाबा, मी आहे. मी कुंपणाच्या बाहेर आहे. ते बुजगावणं आहे."

"मल्ले? जेवलीस का गं?"

बस्स, एवढंच बोलणं झालं. बाबांनी पडद्यावर 'बुजगावणं' अशी नोंद केली आणि आपल्याकडच्या दुसऱ्या यंत्राकडे वळले. पण मल्लीला किल्ली सापडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, यंत्र चार्जिंगला उभं असताना, तिनं कुंपणाखालून हात घालून तेच बुजगावणं वाटेत सरकवलं. पोकलेन आलं, क्षणभर थबकलं, बकेटनं ते हळूच बाजूला ठेवून कामाला लागलं. बाबा आलेच नाहीत. मग तिनं आईची फाटकी छत्री उघडून ठेवली. बाबा आले. दुसऱ्या खेपेला छत्री चालली नाही. मग सायकलचा टायर, मग वाऱ्यात फडफडणारी जुनी साडी, मग आरशाचा तुकडा. प्रत्येक वस्तू एकदाच उपयोगी पडायची. माणसाला दहादा सांगावं लागतं, यंत्राला एकदाच. घरातल्या वस्तू मात्र संपत आल्या आणि आई विचारू लागली, "आपल्याकडं चोर येतोय का गं? आणि चोर असून फक्त भंगारच कसं नेतोय?"

एके दिवशी कुंपणाशी घडीची खुर्ची मांडून एक म्हातारे गृहस्थ बसले. डॉक्टर पद्माकर नाईकवडे. पोकलेनला शिकवणारे शास्त्रज्ञ. वय झालं होतं, पण नजर अशी की खिशातलं चॉकलेट बाहेरून ओळखावं.

"राज्यात आमची पुष्कळ यंत्रं आहेत," ते म्हणाले. "सगळ्यांत जास्त वेळा ऑपरेटरला हाक मारणारं हे एकटं. या माळावर रोज आरसे नि साड्या कुठून येतात, ते बघायला आलोय. तुला काही ठाऊक?"

"वारा असतो ना आजोबा इकडं."

"हो का? छत्री उघडी ठेवून खाली दगड लावणारा वारा मी पहिल्यांदाच बघतोय."

आपण पकडले गेलो, हे मल्लीला कळलं. मग तिनं सगळं सांगितलं. नाईकवडे आजोबा हसले नाहीत. आधी त्यांनी कुंपणाखालून हात घालण्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं, आणि मगच समजावायला बसले.

"तुझ्या आईनं अंधारात तुला विचारलं, दारात कोण आहे, तर तू काय म्हणशील?"

"बहुतेक मांजर."

"हे 'बहुतेक' महत्त्वाचं. यंत्रही समोरच्या वस्तूबद्दल असंच मनाशी म्हणतं. त्याला आम्ही खात्रीचा अंक म्हणतो (आपलं उत्तर बरोबर असेल याचा यंत्राला किती भरवसा आहे, तो आकडा). अंक चांगला असला की ते काम करतं. अंक पडला की थांबतं आणि माणसाला बोलावतं. माणूस सांगतो, ही छत्री आहे. ते उत्तर यंत्र साठवतं. पुढच्या वेळी अंक पडत नाही."

"म्हणजे बोलवायची गरज पडत नाही."

"नाही पडत."

मल्लीनं मातीत बोटानं एक रेघ ओढली, पुसली. तिच्या डोक्यात हिशेब जुळत होता आणि तो तिला नको होता. "म्हणजे मी जितक्या वेळा बाबांना बोलावलं, तितकं ते यंत्र बाबांशिवाय चालायला शिकलं?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "हो."

"मग बाबांची नोकरी?"

"आता एका ऑपरेटरकडे चार यंत्रं आहेत. हाका कमी झाल्या की आठ देतील. मग निम्मीच माणसं लागतील."

"त्यात बाबा असतील?"

"मला माहीत नाही, बाळ. आणि माहीत नसताना 'हो' म्हणायचं नाही, हेच तर मी यंत्राला शिकवतो."

त्या दिवसापासून मल्लीनं वाटेत काही ठेवलं नाही. ती नुसती कुंपणाशी, आपल्या नेहमीच्या दगडावर बसून राही. पोकलेन खोदायचं, ओतायचं, बकेट झटकायचं. भोंगा मुका होता. आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. छत्री पुन्हा खुंटीवर आली, तेव्हा आई म्हणाली, "चोराला पश्चात्ताप झाला वाटतं." मल्लीला हसू आलं नाही.

मग एका संध्याकाळी ती दगडावर बसली आणि पोकलेन थांबलं. समोर काहीच नव्हतं. साडी नाही, टायर नाही, फक्त माती. दिवा पिवळा झाला.

"ऑपरेटरला बोलावत आहे."

"काय झालं?" बाबांचा आवाज. "मला तर वाट मोकळी दिसतीय. मल्ले, काय ठेवलंस?"

"काही नाही बाबा. शप्पथ."

हाका एकदम का थांबल्या ते बघायला पुन्हा आलेले आजोबा खुर्चीवरून उठले, हातातल्या पाटीसारख्या पडद्यावर यंत्राचा विचार वाचू लागले, आणि बराच वेळ वाचतच राहिले. "सिद्रामराव, हिनं खरंच काही ठेवलेलं नाही. यंत्र वस्तू ओळखायला शिकलंच, पण आणखी एक गोष्टही शिकलंय. ही मुलगी जवळ असली की पुढं काय होईल ते सांगता येत नाही. मागचे काही दिवस ही बसली की त्याचा अंक थोडा थोडा घसरतच होता. आज थांबायच्या रेषेखाली गेला."

"म्हणजे बिघाडच म्हणायचा. काढून टाकणार?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज उगाच कोरडा होता.

"मीही आधी तेच म्हणणार होतो." आजोबांनी मल्लीकडे बघितलं. "पण मूल जवळ असताना पुढं काय होईल ते सांगता येत नाही, हे खोटं कुठं आहे? हे मी काढणार नाही. उलट सगळ्या यंत्रांत घालायला सांगणार आहे. कुंपणाशी मूल दिसलं की थांबायचं आणि माणसाला विचारायचं. हे उत्तर साठवून ठेवायचं नाही. दर वेळी नव्यानं विचारायचं."

"म्हणजे हाका येत राहणार?" मल्ली म्हणाली.

"या तरी. सगळ्यांच्या नोकऱ्या त्यावर वाचतील असं मी म्हणत नाही. पण जिथं खात्री बाळगणंच चूक, तिथं जागं माणूस लागतं. अशा जागा कुठल्या, ते शोधायचं काम पुढं खूप आहे. त्यासाठी यंत्र जवळून ओळखणारी माणसं मला लागतील, आणि त्या जागा त्यांना अशा माळावर येऊनच शोधाव्या लागतील. सिद्रामराव, विचार करा."

भोंगा खरखरला.

"करतो," बाबा म्हणाले. मग, "मल्ले, जेवलीस का?"

"अजून नाही. तुम्ही?"

"जेवतो. दुसरं यंत्र बोलवायलंय. सांभाळून बस, कुंपणाच्या बाहेर."

दिवा हिरवा झाला. आजोबांनी खुर्चीची घडी घातली. मल्ली उठून घराकडे निघाली, आणि सवयीनं एकदा मागं वळली.

पोकलेननं अजून काम सुरू केलं नव्हतं. बकेट रिकामी होती, तिला मातीचा कणही चिकटला नव्हता. यंत्राला झटकायचं काहीच कारण नव्हतं.

ती दोनदा हलली.